दहाची हजेरी

१

सकाळी दहाला मी चहा पितो आणि अडतीस लिफ्टची हजेरी घेतो. दोन वर्षं झाली, यात खाडा नाही.

साकीनाक्याला माझं लिफ्टच्या सुट्या भागांचं दुकान आहे. दोर, रोलर, बटणं, दाराची कुलपं. शिवाय मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत अडतीस इमारतींच्या लिफ्टची देखभाल आमच्याकडे आहे. मी शिकलो नववीपर्यंत. पुढचं सगळं गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन शिकलो, आणि त्या शाळेला सुट्टी नसते.

पेट्यांचं खूळ डोक्यात शिरलं ते घाटकोपरच्या एका गृहस्थांमुळे. मुलीच्या साखरपुड्याचं श्रीखंड घेऊन ते लिफ्टमध्ये चार तास अडकले होते. घंटा वाजत होती, पण वॉचमन समोरच्या टपरीवर. आम्ही दार उघडलं तेव्हा गृहस्थ अगदी शांत होते आणि पातेलं निम्मं झालं होतं. तेव्हाच ठरवलं, आतल्या माणसाची हाक वॉचमनच्या भरवशावर सोडायची नाही.

माझी भाची रुचिरा पार्ल्याला राहते, कॉम्प्युटरमधली आहे. तिने मला पेट्या बनवून दिल्या. पेटीत एक बटण, एक माइक, एक छोटा स्पीकर आणि मोबाइलचं सिम. बटण दाबलं की दहा सेकंदांचा आवाज टिपला जातो, भाड्याने घेतलेल्या एका लांबच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून आमच्या मेकॅनिकच्या मोबाइलवर येतो. रुचिरा त्याला रिले म्हणते. मी पोस्टमन म्हणतो.

उत्तर द्यायचं तर दुकानातल्या कॉम्प्युटरवर एक पान उघडायचं आणि माइकमध्ये बोलायचं. ते लिफ्टमध्ये ऐकू जातं. त्याचे माझे दोन नियम. आतल्या माणसाला येणाऱ्याचं नाव सांगायचं, कारण नाव ऐकलं की माणूस रडायचा थांबतो. आणि निघालो म्हटलं की निघायचं.

रोज दहा ते सव्वादहाच्या दरम्यान प्रत्येक वॉचमन बटण दाबतो, इमारतीचं नाव घेतो आणि म्हणतो, "ठीक." ही हजेरी. त्या पंधरा मिनिटांतली हाक मेकॅनिकच्या मोबाइलवर वाजत नाही, नाहीतर रोज सकाळी अडतीस वेळा बोंब. माझ्या मोबाइलवर फक्त आकडा येतो. आवाज ऐकायचे तर पान उघडायचं. पहिले दोन महिने मी अडतीसच्या अडतीस आवाज ऐकले. मग, खरं सांगतो, नुसता आकडा बघायला लागलो.

त्या मंगळवारी आकडा आला एकोणचाळीस.

२

माझा मेकॅनिक धम्मपाल समोर बसून दाराचं कुलूप खोलत होता. पंचेचाळिशीचा माणूस, बावीस वर्षं माझ्याकडे आहे. त्याला आकडा दाखवला.

"कोणी दोनदा दाबलं असेल," मी म्हणालो.

"असेल. नाहीतर कोणीतरी खरंच अडकलंय, शेठ. दहा वाजता अडकलंय आणि आपण त्याला हजेरीत टाकलंय."

चहा तसाच ठेवून पान उघडायला गेलो. उघडेना. गोल फिरत राहिलं आणि मग म्हणालं, कनेक्शन नाकारलं. रुचिराला फोन लावला.

"मामा, मी मीटिंगमध्ये आहे रे."

"अगं पान उघडत नाही."

"पत्त्यात http आहे की https? शेवटी एस आहे का बघ."

"आहे एस."

"काढ आणि बघ."

एस काढला. पानाने स्वतःहून परत लावला आणि परत नाकारलं. तीनदा केलं. चौथ्यांदा मी कीबोर्डवर हात आपटला.

"दुकानातलं इंटरनेट बदललंस का?"

"शनिवारी केबलवाला नवीन डबा लावून गेला."

"मग झालं! फायरवॉलमध्ये मी फक्त तुझ्या दुकानाचा जुना पत्ता सोडलाय. आता सर्व्हरच्या लेखी तू परका माणूस आहेस."

"दोन वर्षं भाडं मी भरतोय त्याचं!"

"त्याला कुठे तुझा चेहरा दिसतोय, मामा? थांब, नवीन पत्ता टाकते."

टाकला. आता पान नाकारेना. आता ते म्हणालं, जागा नाही, थोड्या वेळाने या. हे तर तलाठ्याच्या खिडकीसारखं झालं. रुचिरा म्हणाली की मीटिंग संपल्यावर बघते, आणि फोन ठेवला.

तोवर धम्मपालने आणि मी अडतीस वॉचमनना फोन लावले. कोणी झोपेतून उठलं, कोणी आमच्यावरच ओरडलं. साडेअकरापर्यंत सगळ्यांनी सांगितलं, लिफ्ट चालू आहे, आत कोणी नाही. बोरिवलीच्या मंगलधामचा दादू तर म्हणाला, "शेठ, मी आत्ताच वरखाली करून आलो. झकास चाललीये."

कोणी अडकलेलं नव्हतं. मग एकोणचाळिसावी हाक कुणाची?

३

बाराच्या सुमारास रुचिराचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला.

"मामा, ऐक. त्या पानाला मी एकच खुर्ची ठेवली होती. तू एकटाच बघणार, म्हणून एका वेळी एकच माणूस. आणि ती खुर्ची भरलेली आहे."

"कोण बसलंय?"

"तेच बघतेय. दहा वाजून दोन मिनिटांपासून कोणीतरी एकच आवाज मागवतंय. दहा सेकंदांचा. तो संपला की परत तोच. सारखा."

"पण कोण?"

"तेवीस नंबर."

"तेवीस नंबर पेटी आहे गं. पेटी हाक पाठवते. पेटी कुठे पान उघडून बसते?"

"मला सांगतोस? मीच बनवलीये ती."

धम्मपालने हातातला पेचकस खाली ठेवला. तेवीस नंबर म्हणजे मंगलधाम, दादूची इमारत. तो म्हणाला, "शेठ, तेवीसची पेटी मी कालच बदलली. पट्टा बघायला गेलो होतो, सहज पेटी खोलली तर मेलेली. बॅटरी फुटून हिरवी झालेली, वायर उंदराने कुरतडलेली. नवीन बसवली आणि तिलाही तेवीसच नंबर दिला."

"किती दिवस बंद असेल?"

"सहा-सात महिने तरी. उंदराने आत पिल्लं घातली होती, ती मोठी होऊन कामाला लागली असतील."

"आणि जुनी पेटी?"

"काल संध्याकाळी भंगारात गेली."

मी हसलो. मग हसणं थांबलं, कारण मी बोटांवर मोजत होतो. दादू रोज मेलेल्या पेटीचं बटण दाबत होता. त्याचं "ठीक" कुठेच पोचत नव्हतं. म्हणजे सहा-सात महिने माझा आकडा सदतीस यायला हवा होता.

तो रोज अडतीस येत होता.

४

"जुनी फाइल पुन्हा पुन्हा जात असेल," रुचिरा म्हणाली. "सर्व्हर कधीकधी अडखळतो. मी सगळं बंद करून चालू करते. खुर्ची रिकामी झाली की तू लगेच बस."

तिने बंद करून चालू केलं. पान उघडलं. इतक्या तासांनी ते हिरवं पान बघून मला बरंच वाटलं, हे कबूल करतो.

तेवीसच्या पुढे आज दोन आवाज होते. पहिला दादूचा, नव्या पेटीतून: "मंगलधाम, ठीक." दुसरा दाबला.

बाईचा आवाज. पन्नाशीच्या आसपासची, घरंदाज. घाबरलेली नव्हती. थकली होती.

"...टण सोडलेलं नाही, धरूनच ठेवलंय. कोणी ऐकत असाल तर नुसतं हो म्हणा. जास्त नको. नुसतं..."

तिथे दहा सेकंद संपले.

कालचा लावला. त्यात सुरुवातीला बांगड्या वाजल्या, मग ती म्हणाली, "अहो, मला उभं राहवत नाही आता," आणि शेवटी, "मी ब..." एवढंच. आजचा आवाज "टण" असा सुरू होत होता. मी दोन्ही परत लावले. परवाचा लावला. त्याची शेपटी कालच्याच्या तोंडाला लागत होती.

"मामा," रुचिराचा आवाज बदलला होता. ती तिकडे तेच ऐकत होती. "दोनशे चार आहेत. मी एकापुढे एक जोडते."

तिने जोडले. दोनशे चार दिवसांचे दोनशे चार तुकडे. मध्ये श्वाससुद्धा तुटत नव्हता. सुरुवातीला ती म्हणते, "अहो, लिफ्ट अडकलीये हो." मग मोबाइलला रेंज नाही म्हणते. मग दार वाजवते. मग बराच वेळ काही नाही, आणि त्या काही नसण्यात पंख्याचीही घरघर नाही. लिफ्टमध्ये पंखा असतो. निदान शेजारच्या घराचा कुकर तरी ऐकू येतो. तिच्यामागे काहीच नव्हतं.

सगळं मिळून चौतीस मिनिटं. आमचे सात महिने, तिची चौतीस मिनिटं.

"कोणीतरी मस्करी करतंय," मी म्हणालो. माझी बुद्धी व्यापाऱ्याची आहे. समोरचा माल कसा खोटा आहे, हे ती आधी शोधते. पण सात महिने रोज दहा सेकंद, तेही मेलेल्या पेटीतून, अशी मस्करी कोण करेल? आणि कोणासाठी? माझ्यासाठी? मी तर ऐकतच नव्हतो.

५

चूक यानंतर झाली, आणि ती माझी आहे.

ती म्हणाली होती, नुसतं हो म्हणा. मी बोलायचं बटण दाबलं. तीस वर्षांत अडकलेल्या माणसाशी मी एकाच पद्धतीने बोलत आलोय. तोंड आपोआप सुटलं.

"बाई, घाबरू नका. धम्मपाल निघालाय. पाच मिनिटांत पोचतो."

मुंबईत कोण म्हणत नाही पाच मिनिटं? विरारला असलेला माणूससुद्धा अंधेरीवाल्याला पाच मिनिटंच सांगतो.

धम्मपाल माझ्याकडे बघत राहिला. "शेठ, मी कुठे निघालोय?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात पान गेलं. जागा नाही, थोड्या वेळाने या.

"परत तेवीस," रुचिरा म्हणाली. "पण आता ती स्वतःचा आवाज मागत नाहीये, मामा. तुझा मागतेय. दर दहा सेकंदांनी."

दुसऱ्या दिवशी रुचिराने आवाज सर्व्हरवरून मागच्या दाराने खेचला आणि मला मोबाइलवर पाठवला. ऐकायला ती वाट चालत होती. बोलायला मात्र ते पानच हवं होतं. दुकानात धम्मपालने आणि मी मिळून ऐकला.

ती बाई रडत होती, पण ते सुटकेचं रडणं होतं. "धम्मपाल. बरं. धम्मपालभाऊ. पाच मिनिटं. मी मोजते हं. एक, दोन..."

तिसऱ्या दिवशी ती तीनपासून बारापर्यंत गेली. चौथ्या दिवशी तेरापासून बावीसपर्यंत.

हिशोब करायला मला कॉम्प्युटर लागत नाही. पाच मिनिटांचे तीनशे सेकंद, रोजचे दहा. तीस सकाळी. धम्मपालही बावीस वर्षं माझ्याच दुकानात आहे. त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उलटलं, बोट फिरवलं आणि एका तारखेवर थांबवलं.

"माझं नाव कशाला घेतलंत, शेठ?"

६

तो महिना मी कसा काढला ते मला माहीत. रोज सकाळी एकच काम. पान उघडायचं आणि बाईंना सांगायचं, धम्मपालचं नाव विसरा.

रुचिराने सर्व्हर बंद करून चालू केला. खुर्ची माझ्याआधी भरली. पासवर्ड बदलला. भरली. तेवीस नंबर यादीतून काढून टाकला, तर नंबराची जागा कोरी राहिली आणि खुर्ची भरलेलीच; नंबर परत लावावा लागला. शेवटी ती वैतागून म्हणाली, "एकच खुर्ची हाच प्रॉब्लेम आहे ना? दहा करते."

"कर बाई. शंभर कर."

दोन मिनिटं तिच्या कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग म्हणाली, "मामा, दहाही भरल्या."

"दहा कोण?"

"मला विचारू नकोस. दहाही जण तुझाच आवाज मागतायत. धम्मपाल निघालाय, पाच मिनिटांत पोचतो. धम्मपाल निघालाय, पाच मिनिटांत पोचतो. मी हे लॉग, सर्व्हरच्या या नोंदी, घरी बसून वाचते, मामा. मला नाही आवडत."

शंभर खुर्च्या करायचं तिने नाव काढलं नाही, आणि मीही नाही.

मी धम्मपालला मंगलधामला पाठवलं नाही, स्वतः गेलो. दादूने लिफ्ट दाखवली. सात मजले, स्वच्छ आरसा, कोपऱ्यात कुणीतरी लावलेली उदबत्ती. विचारलं, या इमारतीतली कुणी बाई अडकली होती का? "नाही शेठ. आहेत तेवढ्या सगळ्या आहेत." मी लिफ्टमध्ये पाच मिनिटं घड्याळ लावून उभा राहिलो. पंखा घरघरत होता. वर कुठेतरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. काही झालं नाही. त्याचाच राग आला.

धम्मपाल कामावर येत होता. जिन्याने चढायचा, दुसऱ्याला लिफ्टमध्ये पाठवायचा. त्याच्या बायकोने, सपनाने, मला फोन केला. "हे जेवताना मध्येच थांबून आकडे मोजतात. काय झालंय शेठ?" मी म्हणालो, कामाचा ताण. तीस वर्षं धंद्यात खोटं बोललोय, पण इतकं पातळ खोटं कधी नाही.

विसाव्या दिवशी रुचिराने विषय काढला. "नवीन सर्व्हर घेऊ, अडतीस पेट्या तिकडे नेऊ आणि हा बंदच करून टाकू. कायमचा."

मी हो म्हणणार होतो. धम्मपालने फोन माझ्या हातातून घेतला. "ताई, नको. माझं नाव आत आहे. बंद केलात तर ते आतच राहील."

७

एकोणतिसाव्या दिवशी ती दोनशे बहात्तरपर्यंत पोचली होती. सकाळी अकराला मी सवयीने पत्ता टाकला आणि पान उघडलं. एक खुर्ची रिकामी होती. नऊ भरलेल्या होत्या.

धम्मपाल उठून उभा राहिला.

काय बोलायचं ते मी महिनाभर पाठ केलं होतं. धम्मपाल येणार नाही, एवढंच. पण आत कोंडलेल्या माणसाला कोणी येत नाही असं मी आयुष्यात सांगितलेलं नाही. जीभच वळली नाही. आणि मग माझ्यातला व्यापारी जागा झाला. दुसरं नाव दे आणि मुदत वाढवून घे.

"बाई, मी चंद्रप्रकाश, या दुकानाचा मालक. धम्मपालला दुसरीकडे जावं लागलं. मी स्वतः निघालोय. पण साकीनाक्याला फार अडकलंय हो. दोन तास लागतील."

दोन तास म्हणजे सातशे वीस सकाळी. जवळजवळ दोन वर्षं. मी मागे टेकून बसलो. अंगावरचा घाम पुसला.

"निघालोय म्हणालात, शेठ," धम्मपाल म्हणाला.

"म्हणालो."

तो माझ्या पायांकडे बघत होता. मी चहा मागवला.

दुसऱ्या दिवशीचा आवाज रुचिराने पाठवला, सोबत एक शब्दही न लिहिता. एरवी ती काहीतरी चिडकं लिहायचीच.

"दोनशे त्र्याहत्तर, दोनशे... दोन तास?" मग श्वास. मग समजूतदारपणे, एखाद्या शेजारणीने म्हणावं तसं: "बरं. पण मग हे दार आत्ता कोण उघडतंय?"

शेवटचे तीन सेकंद ती बोलत नाही. तिथे दाराचा रोलर पट्टीवरून सरकतो. सुका, तेल नसलेला. असे रोलर मी तीस वर्षं विकतोय, आवाज ओळखण्यात माझी चूक होत नाही. दार सावकाश उघडत होतं, आणि बाहेरून.

मी तो दिवस आणि रात्र कशीतरी ढकलली. पुढचे दहा सेकंद दुसऱ्या दिवशी दहालाच मिळणार होते.

दुसऱ्या दिवशी पान पहिल्या फटक्यात उघडलं. दहाही खुर्च्या रिकाम्या. महिनाभर मी ज्यासाठी डोकं फोडलं ते असं सरळ, शहाण्यासारखं समोर उघडं होतं. तेवीसच्या पुढे एकच आवाज होता, दादूचा. मी परत परत बघितलं. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. दुसरा आवाज आला नाही.

मी बोलायचं बटण दाबलं.

"बाई," मी म्हणालो. "बाई, ऐकताय का? बटण धरून ठेवा. मी निघालो."

आणि या वेळी उठलो. चपला घातल्या. कुठे जायचं ते मला ठाऊक नव्हतं. मंगलधामच्या लिफ्टपासून सुरुवात करू, एवढंच डोक्यात होतं.

धम्मपालने अवजारांची पिशवी खांद्याला लावली.

"तू नको," मी म्हणालो. "तुझं नाव मी काढून घेतलंय."

"तुम्ही घेतलंत हो, शेठ," तो दुकानाचं शटर खाली ओढत म्हणाला. "पण ती महिनाभर माझंच नाव घेऊन बसली होती."